अक्का वर, गाव खाली

नदीच्या वळणावर पिंपरणी नावाचं गाव आहे. तिथं सयाजी नावाचा एक गाड्या दुरुस्त करणारा राहत होता. हात चांगला, डोकं चांगलं, कष्टाला मागं न हटणारा. पण एक खोड होती. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हे त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही. कुणी पाहुणा रस्ता विचारायचा, आणि ठाऊक नसला तरी हा हात लांब करून कुठली तरी दिशा दाखवायचा. पाहुणा बिचारा ऊन डोक्यावर घेऊन चालत जायचा आणि शिव्या देत परत यायचा.

सयाजी काम शिकला ते केरूनानांकडे. नानांचं गॅरेज म्हणजे एसटी स्टँडाजवळचं चिंचेचं झाड. फांदीला साखळी, साखळीला इंजिन, खाली गोणपाट. बस्स. पुढं सयाजी कोल्हापूरला मोठ्या वर्कशॉपात गेला. तिथं नव्या गाड्यांचं काम शिकला. मग एक दिवस नोकरी सोडून, बायकोला, शालनला, घेऊन तो गावी आला आणि सडकेच्या कडेला पत्र्याचं गॅरेज उभं केलं. त्यात एक यंत्र आणलं. दोन उंच लोखंडी खांब आणि त्यांना चार लोखंडी हात. गाडी मधे उभी करायची, ते हात गाडीच्या पोटाखाली सरकवायचे आणि बटण दाबायचं. गाडी अशी अलगद वर जायची, जसं कुणी लेकरू कडेवर घ्यावं. आसपासच्या गावांत असं यंत्र कुणी बघितलं नव्हतं.

उद्घाटनाचा दिवस ठरला. रिक्षाला भोंगा बांधून गणपा नावाचा एक बोलका माणूस गावोगाव फिरला. "या हो या! सयाजी ऑटो गॅरेज! झाडाखालची दुरुस्ती आता विसरा! गाडी कसलीही असो, बिघाड कसलाही असो, आमच्याकडं इलाज आहे!" रिक्षा चिंचेखालूनही गेली. नाना एका चाकाचे नट आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घरी शालननं विचारलं, "नानांना आमंत्रण दिलं का हो?"

"त्यांचं काय काम? तेलकट सदरा घालून येतील आणि मांडवाची शोभा घालवतील."

"त्यांनीच शिकवलं ना तुम्हाला?"

"पान्हा धरायला शिकवलं. पुढचं माझं मी शिकलो."

शालनच्या पोळपाटावर लाटण्याचा आवाज मात्र जरा वाढला.

उद्घाटनाला बोलावलं होतं हौसाक्कांना. हौसाक्का म्हणजे दूध डेअरीच्या अध्यक्षा. साठी उलटली तरी आपली गाडी आपण चालवायच्या, आणि बोलणंही तसंच, सरळ. गावोगावचं दूध गोळा करणारे सगळे टेंपो त्यांच्या शब्दावर चालायचे. ते टेंपो दुरुस्तीला आले तर सयाजीचं गॅरेज चालणार होतं. नाही आले तर गाशा गुंडाळून पुन्हा शहर गाठावं लागणार होतं. हे सयाजीला ठाऊक होतं, शालनला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या गावालाच ठाऊक होतं.

मांडव सजला. झेंडूची तोरणं लागली. हौसाक्का आपल्या पांढऱ्या गाडीतून आल्या. त्या दार उघडणार, तोच सयाजी पुढं धावला.

"अक्का, उतरू नका. तशाच बसा. गाडी आत घ्या. नारळ फोडायच्या आधी गावाला यंत्राची कमाल दाखवू."

"पाडशील बिडशील की रे मला!"

"माझ्यावर विश्वास नाही का, अक्का?"

आता, माणूस आत बसलेला असताना गाडी उचलायची नाही, असा वर्कशॉपात सक्त नियम होता. सयाजीला तो पाठ होता. पण समोर एवढं गाव जमलं होतं, आणि त्याला गावाचे डोळे विस्फारलेले बघायचे होते. त्यानं बटण दाबलं. गाडी छातीइतकी वर गेली. बायकांनी तोंडावर हात ठेवले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि तेवढ्यात कुठंतरी धाडकन आवाज झाला, पंखे थांबले, दिवे विझले. गावाची लाईट गेली.

सयाजीनं खालचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. अक्कांनी दार ढकललं, तर ते खांबाला अडलं. उघडलं ते वीतभर. त्या फटीतून मांजर निघालं असतं, पण अक्का भरभक्कम बाई.

गणपाच्या भोंग्याला मात्र रिक्षाची बॅटरी होती. तो ओरडला, "मंडळी! आदरणीय अक्का आता वरून गावाची पाहणी करत आहेत!"

"गणप्या," अक्का वरून म्हणाल्या, "खाली आले की आधी तुझी पाहणी करते!"

मांडव हसला. पण हसू फार टिकलं नाही. वायरमनला फोन लावला, तर तो धरणाच्या बाजूला गेलेला. म्हणाला, "ऊन कलल्यावर येतो." वर पत्रा तापत होता. अक्कांना साखरेचा आजार, पोटात वेळेवर काही गेलं नाही की त्यांना गरगरायचं. शालननं काठीला पिशवी बांधली आणि खिडकीतून भाकरी नि पाणी पोचवलं. खाली लोकांची कुजबुज सुरू झाली.

"आपली गाडी अशी टांगून राहिली तर?"

"गाडीचं सोडा. आपण आत असलो तर?"

मागच्या रांगेतले दोघे-तिघे चपला शोधू लागले. सयाजीचे कान तापले. यंत्र कुठं अडकलंय ते त्याला दिसत होतं. दोन्ही खांबांत एकेक लोखंडी जीभ होती, आणि ती दात्यांत रुतून बसली होती. त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली. दोन घाव घातले तर जीभ सुटेल, असं त्याला वाटलं. एका बाजूची सुटली आणि दुसऱ्या बाजूची राहिली तर गाडी कलंडेल, हेही मनात येऊन गेलं. पण गाव बघत होतं. त्यानं पहार उगारली.

"सयाजी," वरून आवाज आला.

"काय, अक्का?"

"हे तू याआधी कधी केलंयस का?"

एवढंच विचारलं बाईंनी. ना रागावून, ना ओरडून.

'हो' म्हणायला काय लागतं? एक अक्षर. जन्मभर तो तेच म्हणत आला होता. सयाजीनं वर बघितलं. अक्कांनी खिडकीची कड घट्ट धरली होती, इतकी घट्ट की बोटांची टोकं पांढरी पडली होती. त्यानं पहार हळूच जमिनीवर ठेवली.

"नाही, अक्का. कधीच नाही. वर्कशॉपात असं झालं की दुसरा माणूस बघायचा. मला हे येत नाही."

गणपानं भोंगा बंद केला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. अक्कांनी मात्र मागं डोकं टेकलं आणि म्हणाल्या, "मग जा, कुणाला तरी मदतीला आण. मी बसते."

सयाजी नव्या कपड्यांत तसाच सडकेनं पळत सुटला, तो चिंचेखाली जाऊन थांबला.

"नाना, गाडी वर अडकलीय. आत हौसाक्का आहेत. मला उतरवता येईना. चला."

नानांनी चिंधीनं हात पुसले. गाव लहान. घरात बोललेलं बाहेर यायला वेळ लागत नाही.

"माझा सदरा तेलकट हाय बाबा. मांडवाची शोभा जायाची."

"नाना, काय बोलायचं ते बोला. मी ऐकतो. पण वाटेत बोला, अक्का तापल्या पत्र्याखाली आहेत."

नाना हसले. "तोंड लई सुटलंय तुझं," म्हणाले, आणि चालायला लागले.

गॅरेजात येऊन नानांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. लोक पुढं सरकले. आता नाना काहीतरी जादू करणार, असं सगळ्यांना वाटलं. नाना म्हणाले, "असलं यंत्र मी जन्मात बघितलं न्हाई. मलाबी येत न्हाई."

लोकांचे चेहरे पडले. नाना मात्र खाली बसले आणि सयाजीला शेजारी बसवलं.

"मला सांग, ह्ये खाली येताना काय करतं?"

"बटण दाबलं की आधी बोटभर वर जातं. मग खाली येतं."

"आधी वर का?"

"ते कधी विचारलं नाही, नाना."

"मग आता इचार की."

सयाजी फरशीवर आडवा झाला. नवा सदरा मळला, त्याचं त्याला भान नव्हतं. बराच वेळ तो त्या जिभेकडं बघत राहिला. मग एकदम उठून बसला.

"नाना, सगळा भार या जिभेवर बसलाय. भार आहे तोवर ती मागं सरायची नाही. भार काढायला म्हणून ते आधी वर जातं!"

"म्हंजी बोटभर वर घेतलं की झालं?"

"हो, पण वर घ्यायला लाईट कुठाय?"

"लाईट न्हाई. पण ट्रक उचलायचे हातजॅक हायत माझ्याकडं. दोन."

मग काय! माणसं पळाली, जॅक आले. लाकडाचे जाड ओंडके रचले, त्यांवर जॅक ठेवले. एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला सयाजी. दोघांनी अगदी बरोबरीनं दांडा मारायचा होता. एकजण पुढं गेला असता तर गाडी तिरकी झाली असती. सयाजीच्या अंगात जोर, त्याचा हात भरभर चालायला लागला.

"दमानं," नाना धापा टाकत म्हणाले. "माझ्या दमानं घे."

सयाजीनं हात आवरला. नानांचा श्वास ऐकत ऐकत तो दांडा मारू लागला. त्यांनी मारला की यानं मारायचा, ते थांबले की यानं थांबायचं. गाडी बोटभर वर उचलली. शालननं पदर खोचला आणि दोन्ही जिभा मागं खेचणारी तार ओढून धरली. जिभा खट् करून मागं सरल्या. दोघांनी जॅक सावकाश उतरवून काढून घेतले. मग ज्या तेलाच्या दाबावर यंत्र गाडी तोलून धरतं, त्याची चावी सयाजीनं केसभर सैल केली. गाडी हलली, आणि तुळशीपुढं पणती ठेवावी इतक्या हलक्यानं जमिनीला टेकली.

अक्का खाली उतरल्या. शालननं हात दिला. कुणी टाळ्या वाजवल्या, पण बऱ्याच जणांनी नाही वाजवल्या. एक बागायतदार मोठ्यानं म्हणाला, "उद्घाटनालाच ही तऱ्हा, तर पुढं काय!" आणि निघून गेला.

सयाजी अक्कांसमोर उभा राहिला. "अक्का, टेंपो नाही पाठवलेत तरी मी समजून घेईन. पण एक सांगतो. माणूस आत असताना गाडी उचलायची नसते. हे मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"हो."

"तर मग एक थोबाडीत खायच्या लायकीचा आहेस," अक्का म्हणाल्या. त्यांनी सयाजीकडं अशा नजरेनं बघितलं, की थोबाडीत परवडली असती. मग खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गाडीचा ब्रेक मधूनच खोल जातो. चार ठिकाणी दाखवला. सगळे म्हणाले, 'काय नाही अक्का, बिनधास्त चालवा.' एकाला तरी म्हणता आलं का, की मला कळत नाही? आज पहार तुझ्या हातात होती, सगळं गाव बघत होतं, आणि तू ती खाली ठेवलीस. ब्रेक बघायला मला असलाच माणूस पाहिजे."

त्यांनी गाडीची किल्ली सयाजीच्या तळहातावर ठेवली. "नीट बघ. आणि नाही कळलं तर तसं सांग."

सयाजीचे डोळे भरून आले. त्यानं नारळ उचलला आणि नानांच्या पुढं धरला. नाना म्हणाले, "माझा हात जॅकनं आखडलाय रं. जिनं तार वढली तिला दे की." शेवटी शालननं नारळ फोडला. एका घावात. पाणी उडालं ते थेट गणपाच्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीचे दोन टेंपो दारात उभे राहिले. एक नवा होता आणि एक फार जुना, त्याचा गियर घरघरत होता. सयाजीनं दोन्ही बघितले आणि ड्रायव्हरला म्हणाला, "नवा ठेवा, संध्याकाळी घेऊन जा. या जुन्याचं मला नीट येत नाही. तो चिंचेखाली न्या, नाना करतील."

ड्रायव्हर बघतच राहिला. "गॅरेज उघडून एक दिवस नाही झाला आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडं लावून देतोस?"

"तुमचं दूध नासायला नको ना," सयाजी म्हणाला आणि नव्या टेंपोखाली शिरला.

दुपारी चिंचेखालून एक चकचकीत गाडी आली. तिच्या स्टिअरिंगमागं बिघाड दाखवणारा लाल दिवा लुकलुकत होता. मालक म्हणाला, "नाना म्हणतात, हे त्यांना उमजत नाही, तुमच्याकडं दाखवा." आणि त्या दिवसापासून पिंपरणीत गाडी बिघडली की लोक शहराची वाट धरेनासे झाले.

तात्पर्य: 'मला येत नाही' असं चारचौघांत म्हणताना मान घडीभर खाली जाते, पण तसं म्हणू शकणाऱ्याच्याच हाती लोक आपला जीव निर्धास्त सोपवतात.