केरबाच्या तीन हाका

एका गावात एक भोळा गडी होता, केरबा नावाचा. दूधसंघाच्या ऑफिसात शिपाई. पस्तिशी उलटली तरी लग्न जुळत नव्हतं, ते आता कसंबसं कांचनशी जुळलं होतं. आई म्हणायची, "एवढं एक लग्न नीट पार पडू दे रे बाबा. मग काय घालायचे ते गोंधळ घाल."

ऑफिसात दोन फायरवॉल होत्या. नेटवरून भलतंसलतं आत शिरू नये म्हणून राखणीला बसवलेल्या पेट्या. एक काम करायची, दुसरी नुसती दिवे लुकलुकवत बसायची. बसून बसून कंटाळली असेल बिचारी, म्हणून केरबाने तिचं बटण बंद केलं. दुपारी उंदराने पहिलीची वायर कुरतडली आणि अख्खा संघ ठप्प झाला.

कंप्युटर सांभाळणाऱ्या शिंत्रे मॅडम कडाडल्या, "अहो केरबा, महत्त्वाच्या जागी नेहमी दोघं लागतात! दुसरी सारखी पहिलीला हाक मारत असते. तीन हाकांना ओ आली नाही, की त्या क्षणी तिची जागा घेते. कळलं?"

"कळलं."

त्याच आठवड्यात देवळात कीर्तन होतं. अभंग म्हणता म्हणता बुवांनी डोळे मिटले आणि ते तल्लीन झाले. केरबाने तीन हाका मारल्या. ओ नाही. केरबा बनियनवरच उठला, बुवांना अलगद बाजूला सरकवलं आणि चिपळ्या घेऊन दूध मोजण्याचे नियम गाऊ लागला. बुवांनी डोळे उघडून चिपळ्या ओढल्या. त्या ओढाताणीत एक चिपळी मृदंगवाल्याच्या कपाळावर बसली.

"माझ्या जागी उभं राहायचं तर माझ्यासारखा पोशाख नको? माझे शब्द पाठ नकोत?" बुवा गरजले.

मॅडमना हे ऐकून हसू आवरेना. "त्यापेक्षा आपल्या पेट्या बऱ्या. पहिली परत सुरू झाली तरी हिसकाहिसकी करत नाही. दुसरी बंद पडेपर्यंत गुमान थांबते."

केरबाने हेही पाठ केलं.

लग्नाचा दिवस उजाडला. केरबाशेजारी त्याचा मोठा, अजून बिनलग्नाचा चुलतभाऊ सर्जेराव उभा. तोच फेटा, त्याच मुंडावळ्या. पंधरा दिवस केरबाने त्याच्याकडून सगळं घोटून घेतलं होतं.

"अरे, हा कशाला?" आईने विचारलं.

"महत्त्वाची जागा आहे, आई. राखीव नको?"

पाहुण्यांना वाटलं, दोन लग्नं आहेत. भटजींनाही तसंच वाटलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाखालून केरबाला कांचनची मेंदी लावलेली पावलं दिसली. ही पावलं आपल्या घरात येणार! त्याचे डोळे भरून आले. त्याला कशाचंच भान राहिलं नाही.

"केरबा," सर्जेराव कुजबुजला. "केरबा. ए केरबा."

ओ नाही. सर्जेरावाने त्याला अलगद बाजूला सरकवलं. अंतरपाट दूर झाला. कांचनने खाली मान घालून समोरच्या गळ्यात माळ घातली. वाजंत्री वाजली.

"केरब्या, मेल्या, पुढं हो!" आई ओरडली. "सप्तपदी अजून बाकी आहे!"

"गप बस आई," केरबा समाधानाने म्हणाला. "चालू काम मोडायचं नसतं. बघितलंस, एका क्षणाचा खंड पडला नाही! आता सर्जादादा बंद पडला, की जागा परत माझीच."

तेव्हापासून केरबा रोज सकाळी सर्जेरावाच्या दारात जाऊन हाक मारतो. आजवर पहिल्याच हाकेला आतून ओ आली आहे. मग कांचनवहिनी चहा आणून देतात.