हाक

"पण बुवा, माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा!"

रघुवीरबुवा चपला शोधत राहिले.

प्रल्हाद चौदा वर्षं बुवांकडे गाणं शिकत होता. मडगावच्या संमेलनाचं बोलावणं आलं होतं. पण गुरूने 'बस' म्हटल्याशिवाय मंचावर बसायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. बुवा नाही म्हणत नव्हते. हो तर मुळीच म्हणत नव्हते.

"चल, पणजीला गाणं ऐकून येऊ."

"कुणाचं?"

"लूर्दीनाबाईंचं. जॅझ."

"जॅझ? आणि तुम्ही?"

"का? मला कान नाहीत?"

सभागृह लहानच होतं. लूर्दीनाबाई सत्तरीच्या. उंच स्टुलावर बसून गात होत्या, शेजारी एक तरुण पियानोवर. दोन गाणी झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे आता माझ्या जॉकिमसाठी. तीस वर्षं तोच वाजवायचा. जाऊन सहा वर्षं झाली."

आणि गायला लागल्या. गाणं इंग्रजी. बुवांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी म्हातारा पुढे सरकून बसला.

प्रल्हादने मोबाइल काढला. सूर किती चढला, किती उतरला, ते काट्यावर दाखवणारं ॲप त्यात होतं. स्वतःचा काटा कधी हलत नाही, याचा त्याला भारी अभिमान. खोटा नव्हता अभिमान, हीच तर पंचाईत.

थोड्या वेळाने तो बुवांच्या कानाशी लागला. "बाई बेसूर आहेत. हा गंधार बघा. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोन्हींच्या मधे लोंबकळतोय नुसता!"

बुवांनी मोबाइलवर तळहात ठेवला.

प्रल्हादने वर पाहिलं. बुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आता काटा दिसेना. झक मारत ऐकावं लागलं... बाई पुन्हा त्याच सुराशी आल्या. पियानोकडे वळल्या, आणि तिथेच थबकल्या. प्रल्हादने मोबाइल न बघताच खिशात टाकला.

कार्यक्रम संपल्यावर दोघं मांडवीच्या काठाने चालत निघाले. ऊन उतरलं होतं.

"कोण आठवलं?" बुवांनी विचारलं.

"...दादा."

त्याचा थोरला भाऊ. त्यानेच प्रल्हादला हाताला धरून बुवांच्या दारात आणलं होतं. पुढे तो बोटीवर नोकरीला गेला. अकरा वर्षं झाली. ना पत्र, ना फोन. घरात आता त्याचं नावही कोणी काढत नाही. प्रल्हादला मात्र रोज रियाजाला बसताना तो हवा असायचा. फार हवा असायचा.

"हाक मार त्याला."

"इथे? बुवा, लोक बघतील."

"बघू देत."

"आणि त्याला काय ऐकू जाणार आहे?"

"लूर्दीनाबाईंना ते ठाऊक नाही होय?"

प्रल्हाद काठाच्या कठड्याशी गेला. घसा साफ केला.

"दादाऽऽ!"

स्वच्छ, गोल, जिथल्या तिथे लागलेला आवाज. गळ टाकून बसलेल्या एका माणसाने कौतुकाने मान वळवली.

बुवा म्हणाले, "ही हाक मला ऐकवलीस."

प्रल्हादचं तोंड उतरलं. तो पाण्याकडे बघत राहिला. एक बोट समुद्राकडे निघाली होती. ती अगदी लहान दिसेपर्यंत तो बघत होता...

मग त्याने पुन्हा हाक मारली. आवाज वर गेला, घसरला, मधेच कुठेतरी थरथरला आणि फुटला. कशावरच टेकला नाही. तो कठड्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडायला लागला.

बुवा त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. घाई कसलीच नव्हती.

"बुवा..." डोळे पुसत तो म्हणाला, "सूर नाही लागला."

"नाहीच लागला," बुवा म्हणाले. "आता मंचावर बस."