चाळीस अंडी आणि हिरवी शाल

"चाळीस म्हणजे काय कमी झाली का, बाबा?"

कादरशा फकीर धुनीपाशी पाय पसरून बसले होते. समोर त्यांचा चेला गुणवंत, छाती काढून उभा.

सहा वर्षं बाबांच्या तकियात, म्हणजे फकिरी मठीत, झाडलोट करून गुणवंताचं कंबरडं मोडलं होतं. बाबांनी सांगून ठेवलेलं, एक गोष्ट चाळीसदा पारखून आण, मग माझी ही हिरवी शाल तुझी, नि पल्याडच्या गावचा तकियाही तुझा. तेव्हापासून त्याचा डोळा शालीवरून हलला नव्हता.

"सांग," बाबा म्हणाले.

"टोपल्यांच्या बुडाला तुमच्या धुनीची राख घातली, वर अंडी. चाळीस अंड्यांतून अडतीस पिल्लं! राखेचा गुण, बाबा. हवं तर मोजून घ्या."

"मोजतो की... बसवल्या त्या कोंबड्या किती?"

"कोंबड्यांचं काय मधेच? तीन."

बाबांनी तीन बोटं वर केली.

"कुणाच्या?"

"तान्याबाईच्या."

तान्याबाईच्या कोंबड्या म्हणजे घराला आग लागली तरी अंड्यांवरून उठायच्या नाहीत. सगळ्या गावाला ठाऊक.

बाबांनी दोन बोटं मिटली. एकच राहिलं.

गुणवंताचा पारा चढला. "एकदाच कशी पारखली, बाबा? अंड्याला अंडं चिकटलेलं नसतं! ज्याचं त्याचं कवच, ज्याचं त्याचं नशीब. चाळीस ती चाळीसच!"

बाबा उठले, तेरा अंडी आणवली, टोपलीत मूठभर राख टाकली, नि आपली खुडूक झालेली बिजली वर बसवली.

आता ही बिजली कशी? कावळा ओरडला की बघायला बाहेर. शेजारी दळण पाखडायला घेतलं की तिथं हजर. चार उकिरडे फिरून तिन्हीसांजेला परतायची, तीही पाहुणी आल्यासारखी. गुणवंत काठी घेऊन तिच्यामागे धावून धावून अर्धा झाला.

एकवीस दिवस झाले. बाविसाव्या दिवशी त्याने नाक धरून टोपली बाबांपुढे आपटली.

"एकही नाही!"

"अरेरे... म्हणजे राख खोटी."

"राख कशाला खोटी असेल? ही सटवी एका जागी बूड टेकेल तर ना! तेराच्या तेरा घालवली हिने. त्यात अंड्यांचा काय दोष, नि राखेचा काय?"

"तेराच्या तेरा? एकटीने?"

"एकटीने!"

बाबांनी पुन्हा एक बोट वर केलं.

मग त्यांनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली, नि त्याच्या हातात ठेवली. गुणवंताचे डोळे भरून आले. तो पाया पडायला वाकला.

"म्हणजे माझी पारख पटली, बाबा?"

"पटली, बेटा. आता ऊन चढायच्या आत जा... नि तान्याबाईच्या त्या तिघींवर ही शाल पांघरून ये."