हातखुंट

ते पाण्यात उभं दिसतंय ना काळं लाकूड, कमरेइतकं वर आलेलं, त्याला हातखुंट म्हणतात. डोंगराच्या दोन सोंडांमधून तलाव जिथं आत घुसतो, ती ही खोबण, आणि तिच्या तोंडाशी हा खुंट. ऐनाच्या झाडाचा आहे. त्याच्या माथ्याजवळ ओळीनं तीन भोकं आहेत, बोट घातलं तर आत जातं. गावातले म्हातारे तुम्हाला सांगतील की इसराम नावाच्या थोर पुरुषानं माशांच्या वंशासाठी आपला उजवा हात या खुंटावर अर्पण केला. ते ऐकून घ्या, त्यांनी दिलेला चहाही घ्या. मग धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला वाकलेल्या बायकांना विचारा. त्या वेगळं सांगतात, आणि त्यांचं ऐकलं की म्हातारे खाली बघतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. काठावर ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, चाळीस घरं होती. मृग लागला की मरळ मासे जोडीजोडीनं या खोबणीत शिरत, तसे ते आजही शिरतात. मरळीची पिल्लं शेंदरासारखी लाल असतात. शेकड्यांनी गोळा करून फिरतात, श्वासाला वर आली की पाण्यावर कुणी शेंदूर सांडल्यासारखं दिसतं. खाली नरमादी पहाऱ्याला असतात. गोळ्याजवळचं पाणी नुसतं बोटानं ढवळलं तरी मरळ खालून धावून येते, समोर काय आहे ते न बघता. तेव्हा बरची मारायची, म्हणजे तीन दातांचा भाला. याच्याइतकी सोपी शिकार नाही आणि याच्याइतकी नासकीही नाही, कारण मायबाप मेले की बाकीचे मासे त्या पिल्लांचा तासाभरात फडशा पाडतात. म्हणून मृगापासून पोळ्यापर्यंत खोबण बंद असे. नियम चार पंचांचा होता. खोबणीत जो हात घालेल त्याचा हात जाईल. पंचांत मोठा इसराम.

त्या गावात मनका राहायची. आईबाप पटकीनं एकाच आठवड्यात गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि भाऊ फागू चार वर्षांचा. तिनं त्याला वाढवला. स्वतः जाळं विणून त्याच्या खांद्यावर टाकलं. अठराव्या वर्षी फागूचं जाळं हवेत असं गोल उघडायचं की काठावरच्या बायका हातातलं काम थांबवून बघायच्या.

त्या वर्षी रोवण्याच्या दिवसांत सगळं गाव धानाच्या बांध्यांत वाकलेलं होतं. गावात उरले होते ते फक्त म्हातारे. दुपारी फागू बैलांना पाणी दाखवायला खोबणीवर आला. बघतो तर पिल्लांचा एक गोळा सैरभैर झालेला, खाली मायबाप नाहीत, आणि चहूकडून मासे त्यावर तुटून पडलेले. काठच्या चिखलात एक बरची रोवून ठेवलेली होती, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. फागूनं ती उपसली, कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि पाणी बडवून मासे हाकलू लागला. तेवढ्यात झुडपामागून चौघे पंच बाहेर आले.

त्याच संध्याकाळी पंचायत बसली. बरची मध्ये ठेवली होती. फागू म्हणाला, पिल्लं उघडी पडली होती, मी राखत होतो. इसराम हसला.

"ढिवराचा पोट्टा मासोळी राखते म्हणतो गा. मांजर दूध राखते तशी."

सगळे हसले. मनका उठून म्हणाली की आमच्या घरात बरचीच नाही. तिला खाली बसवलं, पंचायतीत बाईनं बोलायचं नसतं म्हणून. हात कशानं मोडायचा यावर चर्चा झाली. मनकाचं घर जवळ होतं, म्हणून तिच्याच जात्याचा वरचा दगड आणला. दोघांनी फागूचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला. पहिल्या घावाला बोटं गेली, दुसऱ्याला मनगट. इसरामनं तिसरा घालायला लावला, कारण फागू अजून ओरडत नव्हता.

हात काळा पडला, मग त्याला वास यायला लागला. फागू दहा दिवस तापात जळत होता. मनकानं पाला बांधला, पू धुतला, शेवटी कुऱ्हाड धार लावून आणली, पण तिच्यानं तो घाव घालवला नाही. दहाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले.

"बाई, पिल्लं वाचली का वं?"

"वाचली," मनका म्हणाली. तो सकाळी गेला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ती रोवण्यावर गेली. पायात काटा मोडला म्हणून रांग सोडून बांधावर चढली, आणि तिथून तिला खोबण दिसली. आत एक डोंगा, खोड कोरून केलेली होडी, आणि डोंग्यात चार पांढरी डोकी. इसरामनं पाण्यात बोट घालून ढवळलं, मरळ उसळली, बरची खाली गेली. ती वर आली तेव्हा मुठीवरची तांब्याची तार उन्हात चमकली. मनकाला पुढचं कुणी सांगावं लागलं नाही. गाव चिखलात वाकलं की नियम घालणारे मरळी खात होते, आणि पकडले जाऊ नये म्हणून तिचा भाऊ मारला होता.

तिनं रांगेतल्या बायकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई, तक्रार कोणाकडे नेशील, पंचांकडेच? मनकानं एवढंच मागितलं की आरडाओरडा ऐकू आला तर हातातलं रोप टाकून या.

घरी जाऊन तिनं फागूच्या रक्तानं माखलेलं धोतर काढलं. रंग तपकिरी झाला होता. ते शेंदरात भिजवलं, फाडून त्याच्या बारीक चिंध्या केल्या आणि एका दोऱ्याला झुपका बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओच्यात दगड बांधून खोबणीत उतरली, कमळाचा पोकळ देठ तोंडात धरला आणि याच खुंटाला धरून पाण्याखाली बसली. तेव्हा हा डोंगे बांधायचा साधा खुंट होता. डोंगा आला तशी तिनं झुपका वर सोडला आणि खालून हलवू लागली.

साठ वर्षं पाणी बघितलेला इसराम चिंध्यांना फसला. त्याला पाण्यावर लाल दिसलं आणि तोंडाला पाणी सुटलं. असं सांगतात की तो बाकीच्यांना म्हणाला, "ह्या गोळ्याची मरळ मोठी दिसते, सरका." डाव्या हातात बरची उचलून त्यानं उजव्या हाताचं बोट पाण्यात घातलं.

मरळ जशी येते तशी मनका खालून आली. तिनं मनगट धरलं आणि सगळं वजन टाकलं. इसराम डोंग्यातून खाली आला, बरची तिच्या हाती आली. त्याचा पंजा तिनं खुंटाला दाबला आणि तीनही दात पंजातून लाकडात घातले. मग ओच्यातल्या दगडानं दांड्यावर ठोकलं. तीनदा. मोजून.

बाकी तिघांनी काय केलं? वल्हं मारलं. त्यांचा मोठा किंचाळत असताना ते काठाकडे पळाले.

काठावर बायका चिखलाच्या पायांनी उभ्या होत्या, मागून पुरुष आले. डोंग्याच्या तळाशी अकरा मरळी होत्या. इसरामचा लेक बरची उपटायला पाण्यात शिरला, तेव्हा मनका आडवी झाली. तिच्या दातांतून रक्त येत होतं, झटापटीत इसरामनं तिचे दोन दात पाडले होते.

"दिवस बुडेपर्यंत राहू द्या. माझ्या भावानं दहा दिवस सोसलं."

लेक मागे फिरला.

इसराम रडला, मग म्हणाला, "पोरी, मी तुझ्या बापाच्या जागी आहो."

"म्हणूनच," ती म्हणाली.

बरची एकच होती. म्हणून उरलेल्या तिघांना गावानं ओढत आणलं आणि जाळ्याच्या दोरीनं त्यांचे उजवे हात त्याच खुंटाला बांधले, पाण्याखाली. मग म्हणे तोवर कुणी न पाहिलेलं घडलं. रक्ताचा माग काढत खरा एक लाल गोळा खुंटापाशी आला, बांधलेल्या बोटांमध्ये शिरून खेळू लागला. हात हलला की खालून मरळ येई आणि बोट फोडून जाई. हलायचं नाही, एवढंच त्या तिघांना कळलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी पिल्लं राखली. दिवस बुडाला तेव्हा इसरामचा पंजा बरचीवरच राहिला, मनगट सुटून आलं. तो रात्रीतच मेला. तिघे वाचले, पण पुन्हा पंच म्हणून पारावर बसले नाहीत. मनका तोंडात दोन दात कमी घेऊन ऐंशी वर्षं जगली, आणि फागूचं जाळं ती स्वतः फेकायची.

आजही रोवण्याच्या पहिल्या दिवशी गावातले सगळ्यात मोठे चार म्हातारे या खुंटापाशी पाण्यात उतरतात. गावातली एक मुलगी त्यांचे उजवे हात जाळ्याच्या दोरीनं खुंटाला बांधते आणि दिवस बुडेपर्यंत सोडत नाही. पिल्लं येतात, बोटांमधून फिरतात. म्हातारे हलत नाहीत. संध्याकाळी वर येऊन ते पाहुण्यांना इसरामच्या त्यागाची गोष्ट सांगतात, मनगटावरचा वळ चोळत चोळत. ऐकून झालं की त्यांना एकच विचारा. आपणहून दिलेल्या हाताला दोरी कशाला लागते?