चीफसाहेबाचे तीन पट्टे

चीफ ऑफिसर हॅलिडेसाहेबाच्या बाहीवर तीन सोनेरी पट्टे होते. ते दिसावेत म्हणून हा बाबा भर मे महिन्यातही कोट काढत नसे. मालवणजवळ बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या गुणाजी तांडेल याने बजावलं, "पुढे वाळू आहे, बोट वळवा." साहेबाने ऐकलं नाही आणि बोट रुतली.

मराठी समजणाऱ्या कप्तानापुढे साहेब उलटाच फिरला. "हा काही बोललाच नाही! माझ्या बाहीवर तीन पट्टे आहेत, याच्या सदऱ्याला धड बाहीसुद्धा नाही. विश्वास कोणावर ठेवायचा?"

गुणाजी म्हणाला, "कप्तानसाहेब, तीन पट्टे आमच्या खारीच्या पाठीवरही आहेत. रामाच्या सेतूसाठी तिने समुद्रात वाळू नेली, म्हणून मिळाले. यांनी समुद्रातली बोट वाळूत नेली. त्या न्यायाने यांचे उतरवा!"