दारावरचं पाणी

“यालाच उदासीनता म्हणायचं ना, बाबा?”

मुकुंदगीरनं विचारलं खरं, पण उत्तर त्याला ठाऊक होतं. ते बाबांच्या तोंडून ऐकायचं, एवढंच राहिलं होतं.

टेकडीवरच्या त्या मठाची एक रीत होती. पायऱ्या चढून जो येईल, त्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायचा, मग तांब्याभर पाणी द्यायचं. नावगाव नंतर. दारावरची ही सेवा मुकुंदगीरकडे होती.

सोमगीरबाबा वाती वळत बसले होते. “काय झालं ते नीट सांग.”

“आई आली होती. गावाहून चालत. दारात बसली. मी डोळे मिटून घेतले.”

“बोलली काही?”

“‘वाळलास रे मुकिंदा,’ म्हणाली. बराच वेळ बसली... आत्ताच उठून गेली. माझं मन जराही हललं नाही.”

“पाणी दिलंस?”

“नाही.”

“गूळ?”

“बाबा, ती आई होती. तिथंच तर कसोटी.”

बाबांचा हात थांबला.

“काल तो झिंगलेला गाडीवान आला होता. त्याला दिलंस?”

“दिलं.”

“तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या त्यानं.”

“तरी दिलं. मला सगळे सारखेच.”

“सगळे...” बाबा म्हणाले. “म्हणजे या दारातून तहानलेलं गेलं ते एकच माणूस.”

मुकुंदगीरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाबा उठले. त्यांनी माठातून तांब्या भरला, गुळाचा खडा घेतला आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं.

“म्हातारं माणूस आहे. लांब गेलं नसेल.”

ती शेवटच्या पायरीवर गुडघे चोळत बसली होती. त्यानं गूळ पुढं केला. तांब्या देताना हात असा कापला की निम्मं पाणी तिच्या ओटीत सांडलं. उरलेलं ती सावकाश प्याली. मग त्याच्या पायांकडं पाहून म्हणाली, “एवढ्या उन्हात अनवाणी कशाला आलास?”

तो परतला तेव्हा मान वर होत नव्हती.

“मला दारावरून काढा, बाबा. साधं पाणी देताना हात कापला. इतकी वर्षं नुसती वाया...”

बाबांनी अर्धी राहिलेली वात उचलली.

“दारावरच बस,” ते म्हणाले. “आता जो येईल, त्यालाही कापत्या हातानंच दे.”