वाऱ्याची वाट

माणसाने होडी घडवण्याच्याही आधीची गोष्ट. एका बेटावर बुडबुडराव नावाच्या पाणमांजराने हौसेने घर बांधलं. चिऱ्यांच्या भिंती, वर झावळ्यांचं छप्पर. पण खिडकी म्हणून ठेवली नाही.

"वाऱ्याला फटसुद्धा मिळणार नाही!" तो ऐटीत म्हणाला.

वारा आला, भिंतीवर आपटला आणि चिडून छप्परच उचलून खाडीत टाकून गेला.

बुडबुडराव रडकुंडीला आला. शेजारची खेकडीण मावशी म्हणाली, "अरे बुडबुड्या, वारा इथला जुना रहिवासी. त्याच्या वाटेतच भिंत घातलीस, मग तो काय करील? माझ्या बिळाला बघ, दोन तोंडं आहेत."

बुडबुडरावाने मुकाट्याने समोरासमोर खिडक्या पाडल्या आणि नवं छप्पर शाकारलं. संध्याकाळी चुलीवर बांगड्याचं कालवण रटरटू लागलं. वारा एका खिडकीतून आत आला, भांड्यावरून फिरला आणि दुसरीतून निघून गेला. झावळ्या नुसत्या सळसळल्या.

थोड्या वेळाने बुडबुडराव बघतो तर काय, अख्खं बेट दारात उभं!

"अहो, पण मी अजून कुणाला बोलावलंच नव्हतं!"

"वारा घरोघर सांगून गेला," मावशी आत शिरत म्हणाली. "सरक बघू, पानं मांड!"